साध्या आणि आंबट बिअरची उपकरणे: एकीचे जंतू दुसरीत जाऊ नयेत म्हणून

घरी बिअर बनवण्यास अमेरिकेच्या संघराज्य कायद्याने १९७८ मध्ये मुभा दिली आणि तेथे राहणाऱ्या ज्या मराठी मंडळींना हा छंद आहे त्यांच्यासाठी ही माहिती लिहिली आहे. महाराष्ट्रात परवान्याविना मद्य तयार करणे दारूबंदी अधिनियमाखाली गुन्हा ठरते, हे लक्षात ठेवावे.

केवळ साधी बिअर बनवणाऱ्याला नेहमीची स्वच्छता पुरते. ब्रेटॅनोमायसीस (एक रानटी यीस्ट) किंवा लॅक्टोबॅसिलस, पेडियोकॉकस हे आंबटपणा आणणारे जिवाणू वापरून आंबट बिअर बनवू लागले, की प्रश्न बदलतो, कारण एका बिअरमध्ये मुद्दाम घातलेले जंतू पुढच्या बिअरमध्ये नको असतात. सेझाँ प्रकारच्या बिअरसाठी वापरल्या जाणाऱ्या अनेक यीस्टकडे तर लोकांचे दुर्लक्षच होते. त्यांपैकी डायस्टॅटिकस जातीचे यीस्ट, साध्या यीस्टला न पचणाऱ्या डेक्स्ट्रिन शर्करा फोडून खाते. त्याचा अल्प अंश जरी बाटलीत गेला, तरी बाटलीबंद बिअर हळूहळू फसफसत राहते, वायूचा दाब वाढतो आणि बाटली फुटू शकते. बिअर आंबट न लागता हे घडत असल्याने दोष लवकर कळत नाही.

वर्ट (बिअर बनण्याआधीचा माल्टचा गोड रस) उकळून थंड होईपर्यंतच्या भांड्यांची फार चिंता करू नये, कारण उकळीत हे जंतू टिकत नाहीत. खरी काळजी थंड वर्टला स्पर्श करणाऱ्या प्रत्येक वस्तूची घ्यायची, आणि तीही दोन टप्प्यांत: आधी मळ काढायचा, मगच जंतुनाशक वापरायचे. वाळलेल्या फेसाच्या किंवा यीस्टच्या थराखाली जंतुनाशक पोहोचतच नाही. म्हणून फर्मेंटर (बिअर आंबवण्याचे भांडे) रिकामा होताच पीबीडब्ल्यूसारख्या अल्कधर्मी पावडरीच्या गरम द्रावणात भिजवावा. काचेच्या कारबॉयमध्ये (अरुंद तोंडाच्या मोठ्या बाटलीत) मात्र एकदम कडकडीत पाणी ओतू नये, ती तडकते. पेट (पीईटी) प्लास्टिकची असल्यास उष्णतेने तिचा आकार बिघडतो. प्लास्टिकच्या बादलीला तारेची घासणी कधीही लावू नये, कारण ओरखड्यांत जंतूंना आश्रय मिळतो. स्टीलवर साचणारा पांढरट खडा, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम ऑक्सॅलेट, अल्कधर्मी पावडरीने नीट निघत नाही. त्याला आम्लाचा धुवा द्यावा लागतो.

जंतुनाशकासाठी स्टार सॅन हे आम्लयुक्त द्रावण सोयीचे आहे. १९ लिटर पाण्याला ३० मिलिलिटर हे प्रमाण ठेवावे आणि पृष्ठभाग एक-दोन मिनिटे ओला राहू द्यावा. नंतर धुण्याची गरज नसते आणि उरलेल्या फेसाला भिण्याचेही कारण नाही. द्रावणाचा पीएच ३ च्या वर गेला, तर ते टाकून द्यावे. ब्लीच मी टाळतो. त्याचा अंश राहिल्यास बिअरला औषधी वास येतो, स्टीलला गंज लागतो, आणि ते स्टार सॅनसारख्या आम्लात मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू निघतो.

तरीही सर्वांत मोठा धोका कोठे असेल, तर तो मऊ आणि प्लास्टिकच्या वस्तूंत: नळ्या, रबरी वॉशर, बुच, एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत न येऊ देणारी झडप), ऑटो-सायफन (बिअर उपसण्याची नळी) आणि बाटल्या भरण्याची दांडी. यांच्या सूक्ष्म भेगांत जंतुनाशक खात्रीने पोहोचत नाही, म्हणून यांचा आंबट बिअरसाठी स्वतंत्र संच ठेवावा आणि त्यावर लाल चिकटपट्टी लावावी. काच आणि स्टील मात्र नीट स्वच्छ झाल्यास दोन्हीकडे चालतात. सगळेच दुप्पट विकत घेणे हा मला वायफळ खर्च वाटतो. अडचण येते ती तोटीची. फर्मेंटरची बॉल व्हॉल्व्ह बंद असताना बाहेरून चकचकीत दिसते, पण चेंडूभोवती बिअर अडकून राहते. ती दर वेळी सुटी करून भिजवावी, आणि केगचे (बिअर साठवण्याच्या धातूच्या पिंपाचे) पोस्ट, म्हणजे नळ्या जोडण्याची तोंडे, व आतली नळीही तशीच काढावी. सिलिकोनची नळी १५ मिनिटे पाण्यात उकळता येते, आणि यासाठी उष्णतेवर माझा रसायनांपेक्षा अधिक विश्वास आहे; विनाइलची नळी ही उष्णता सोसत नाही, ती ठरावीक काळाने बदलणेच स्वस्त पडते.

एकाच दिवशी दोन्ही बिअर बाटल्यांत भरायच्या असतील, तर साधी आधी भरावी, आंबट नंतर.