माहितीपर निबंध कसा लिहायचा: पंचगंगेच्या पुराचं उदाहरण घेऊन

'पंचगंगेचा पूर' असा विषय आला की बऱ्याच वह्यांत पहिलं वाक्य ठरलेलं असतं: 'निसर्गापुढे माणूस हतबल आहे.' मग हाहाकार, अश्रू, माणुसकीचा झरा. प्रसंगवर्णनात हे शोभेल. माहितीपर निबंधाचं काम वेगळं आहे. ज्याला एखादी गोष्ट माहीत नाही त्याला ती समजावून द्यायची. निबंध वाचून कोल्हापूर न पाहिलेल्या मुलालाही पूर का येतो हे सांगता आलं पाहिजे.

आधी विषयाचा प्रश्न करा. 'पंचगंगेचं पाणी शहरात का शिरतं?' हा प्रश्न झाला. एकच प्रश्न घ्या. 300 शब्दांत कारणं, नुकसान, मदतकार्य आणि उपाय कोंबले तर प्रत्येकाच्या वाट्याला चार-पाच वाक्यं येतात आणि काहीच समजत नाही. प्रश्नावरून मांडणी ठरते. 'का' असेल तर कारणं द्या. 'गूळ कसा तयार होतो' असेल तर रस, काहील, मळी काढणं, पाक, ढेप असा क्रम धरा. 'कृष्णा नदीवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची वाढवू नये' हे मात्र मत आहे, तो वैचारिक निबंधाचा विषय. माहितीपर निबंधात अलमट्टीचा उल्लेख करायचाच असेल तर 'याबाबत मतभेद आहेत' असं लिहून दोन्ही बाजू एकेका वाक्यात सांगा.

आता कच्चं काम. पाठच्या पानावर सुचतील ते मुद्दे लिहा, मग क्रम लावा. इथेच बहुतेकांचं चुकतं, कारण मुद्दे सुचले त्याच क्रमाने उतरवले जातात. या विषयात पाण्याच्या वाटेनंच गेलेलं उत्तम. सह्याद्रीत जोराचा पाऊस होतो. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या तो घेऊन येतात (पाचवी सरस्वती गुप्त मानतात). भोगावतीवरचं राधानगरी धरण भरलं की त्याचे स्वयंचलित दरवाजे उघडतात. पुढे पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते, आणि कृष्णा आधीच फुगलेली असेल तर पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबतं. झाले चार मुद्दे, आणि प्रत्येक आधीच्यातून निघतो.

एका परिच्छेदात एकच मुद्दा ठेवा. पहिल्या वाक्यात तो सांगा, पुढच्या तीन-चार वाक्यांत तो कसा घडतो ते उलगडा. उदाहरणार्थ: 'पाऊस थांबला तरी पूर लगेच ओसरत नाही. कारण कृष्णेची पातळी चढी असेपर्यंत पंचगंगेच्या पाण्याला वाट मिळत नाही.' इथे 'कारण' हा शब्द खरं काम करतो. 'त्यामुळे', 'मात्र', 'याउलट' हे शब्दही तसेच जपून वापरा. दोन वाक्यांत तो संबंध नसेल तर शब्द गाळा.

विशेषणाच्या जागी आकडा ठेवा. 'पाणी प्रचंड वाढलं' यापेक्षा 'पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याजवळ 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी आहे' हे वाक्य जास्त सांगतं. 2005, 2019 आणि 2021 ही पुराची वर्षं लिहिलीत तर ती कशासाठी लिहिली तेही पुढे यायला हवं. आकडा दोन ठिकाणी पडताळा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मजकूर हा पुरावा नव्हे. करवीर नगर वाचन मंदिरासारख्या ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं मिळतात का, ते विचारा. अवघड शब्द प्रथम येतो तिथेच उलगडा: क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण 28 लिटर पाणी.

प्रस्तावना शेवटी लिहिली तरी चालते, फक्त परीक्षेत वरच्या चार ओळी मोकळ्या सोडा. तिथे सुविचार किंवा कवितेची ओळ नको, प्रश्न आणि थोडी पार्श्वभूमी पुरे. शेवटही 'आपण सर्वांनी मिळून' असा नको. मूळ प्रश्नाचं उत्तर दोन वाक्यांत द्या आणि थांबा.

अर्धा तास असेल तर 7 मिनिटं कच्चं काम, 18 मिनिटं लेखन, 5 मिनिटं तपासणी. आपल्या अक्षरात एका ओळीत किती शब्द बसतात ते घरी मोजून ठेवा, म्हणजे परीक्षेत शब्द मोजत बसावं लागत नाही. तपासताना ऱ्हस्व-दीर्घ आधी पाहा. याच विषयात 'पूर' दीर्घ पण 'पुराचं' ऱ्हस्व, 'फूट' दीर्घ पण 'फुटांवर' ऱ्हस्व. या दोन शब्दांत चूक सहज होते. घरी सराव करत असाल तर निबंध धाकट्या भावंडाला मोठ्यानं वाचून दाखवा, आणि ते जिथे 'म्हणजे काय?' विचारेल तिथे एक वाक्य वाढवा.