टक्कल: औषध की रोपण? आधी डोक्याचा हिशेब मांडा

केस रोपणात नवा केस एकही तयार होत नाही. डोक्याच्या मागच्या भागातले केस मुळासकट काढून पुढे लावतात, एवढंच ते काम. भाताच्या लावणीशी त्याची तुलना करतात, पण भाताचा तरवा, म्हणजे लावायची रोपं, दरवर्षी नव्याने टाकता येतो. इथे तरवा जन्मात एकदाच मिळतो. त्यामुळे ‘औषध घेऊ की रोपण करू’ असा प्रश्न नसतोच. आधी आहेत ते केस टिकवायचे, मग मागचा साठा मोजायचा आणि उरलेल्या रिकाम्या जागेपैकी किती भरायची ते ठरवायचं.

गळतंय की विरळ होतंय?

या दोन तक्रारी वेगळ्या आहेत. टायफॉइड, डेंग्यू, मोठी शस्त्रक्रिया, बाळंतपण किंवा कडक डाएट झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी मूठ-मूठ केस येऊ लागतात. कारण मागे पडलेलं असल्यामुळे माणूस शाम्पूला दोष देतो. ही गळती बहुतेक वेळा सहा महिन्यांत आपोआप थांबते. तिच्यावर रोपण म्हणजे पैसे पाण्यात. एका जागी रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा पडला तर ती चाई, तिचे उपचार निराळे. आणि दोन-चार दिवसांत डोकं रिकामं झालं तर तो टक्कल पडण्याचा आजार नव्हेच. २०२५ च्या सुरुवातीला शेगाव तालुक्यातल्या गावांत तसं घडलं, तेव्हा संशय गव्हातल्या सेलेनियम या खनिजावर गेला होता.

या लेखाचा विषय आहे तो आनुवंशिक टकलाचा. पुरुषांत कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केसांची रेषा मागे सरकते आणि टाळूवर गोल विरळ होतो, मागचे व कानांवरचे केस शाबूत राहतात. बायकांत पुढची रेषा बहुधा टिकते, पण भांग रुंदावत जातो. केस एकदम गळत नाहीत, उगवण्याच्या दर फेरीला बारीक होत जातात.

घरी एक चाचणी करता येते. एक दिवस डोकं धुवायचं नाही. अंगठा आणि दोन बोटांत मुळाशी ५०–६० केस धरायचे आणि हलका ताण देत बोटं टोकापर्यंत सरकवायची, हिसका द्यायचा नाही. सहा किंवा जास्त केस हातात आले तर गळती चालू आहे. कपाळाजवळ, टाळूवर आणि मागे अशी तीन ठिकाणी करून पाहा. सगळीकडून सारखे निघत असतील तर कारण शरीरात शोधावं लागेल. निघालेल्या केसाच्या टोकाला पांढरा बारीक दाणा असेल तर तो मुळातून आलाय. दाणा नसेल तर केस मधेच तुटलाय, म्हणजे दोष इस्त्रीचा किंवा स्मूदनिंगचा.

रक्तात हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा) आणि टीएसएच (थायरॉइडची चाचणी) एवढ्या तपासण्या पहिल्या फेरीला पुरतात. पाळी अनियमित असेल तर पीसीओएस या बीजकोशांच्या विकाराची तपासणी स्त्रीरोगतज्ज्ञांकडून करून घ्यावी. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. बायोटिनमुळे थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात, म्हणून ते दोन-तीन दिवस आधी बंद करायला सांगतात.

औषधं: दोनच, पण नेटाने

मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबाचं औषध. अंगावर केस वाढतात हे रुग्णांत दिसल्यावर ते डोक्यावर लावायला आलं. पुरुषांना ५ टक्के द्रावण, १ मिली सकाळी आणि १ मिली रात्री. म्हणजे ६० मिलीची बाटली बरोबर महिनाभर पुरते. तुमची तीन महिने चालत असेल तर औषध काम करत नाही असं नाही, तुम्ही ते लावतच नाही आहात. बायकांना २ टक्के द्रावण किंवा दिवसातून एकदा ५ टक्के फोम. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना नाही.

लावायची जागा केस नव्हे, कातडी. डोकं कोरडं असताना भांग पाडा, ड्रॉपरने भांगेत सहा-सात थेंब सोडा, बोटाने पसरा, मग शेजारी दुसरा भांग. हात लगेच धुवा. रात्रीचं औषध झोपण्याच्या दोन तास आधी लावा, नाहीतर उशीवरून चेहऱ्यावर जातं आणि गालावर लव येते. घरात मांजर असेल तर अधिक जपा, मिनॉक्सिडिल मांजरांना जीवघेणं विष आहे. खाज आणि कोंडा सुरू झाला तर बऱ्याचदा दोष औषधाचा नसून त्यातल्या प्रॉपिलीन ग्लायकॉलचा असतो. फोममध्ये ते नसतं, म्हणून बदलून पाहावं.

पहिल्या दोन ते आठ आठवड्यांत गळती वाढते. जुने केस ढकलून नवे यायला लागल्याची ती खूण, पण बरेच लोक नेमके इथेच बाटली फेकतात. फरक चार ते सहा महिन्यांनी दिसतो, खरा निकाल वर्षाने. औषध बंद केलं की मिळवलेले केस काही महिन्यांत जातात. मिनॉक्सिडिलच्या कमी मात्रेच्या गोळ्याही आता बरेच डॉक्टर देतात. पाय सुजणं, छातीत धडधड, अंगभर लव असे त्यांचे त्रास असतात, म्हणून त्या मनाने सुरू करू नयेत.

फिनॅस्टराइड १ मिग्रॅ रोज एक गोळी, ही पुरुषांसाठी. मुळाला बारीक करणारा डीएचटी हा संप्रेरक ती रक्तात साधारण दोन तृतीयांशाने कमी करते. टाळूवर चांगली चालते, कपाळाच्या कोपऱ्यांत कमी. शंभरात दोन-चार पुरुषांना कामेच्छा किंवा ताठरता कमी झाल्याचा त्रास होतो. बहुतेकांचा गोळी सोडल्यावर जातो, काहींनी तो नंतरही राहिल्याची तक्रार केली आहे. मन उदास राहू लागलं तर गोळी थांबवून डॉक्टरांना भेटा. पन्नाशीपुढच्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: प्रोस्टेटसाठी केलेल्या पीएसए चाचणीचा आकडा या गोळीने जवळपास निम्मा येतो, त्यामुळे गोळीचं नाव सांगितल्याशिवाय अहवाल दाखवू नये. गोळी चालू असताना आणि बंद केल्यावर महिनाभर रक्तदान नाही. गरोदर बाईने फुटलेल्या गोळीला हात लावू नये. दुकानात मिनॉक्सिडिलच्या काही बाटल्यांत फिनॅस्टराइडही मिसळलेलं असतं. लेबल वाचा, घरातल्या बायकांनी ती बाटली वापरू नये.

पीआरपीत तुमचंच थोडं रक्त काढून, फिरवून, प्लेटलेट जास्त असलेला भाग डोक्यात टोचतात. साधारण महिन्याच्या अंतराने तीन-चार बैठका. काहींना औषधाच्या जोडीला फायदा होतो, पण बनवण्याची पद्धत दवाखान्यागणिक बदलत असल्याने निकालही बदलतो. औषधाऐवजी पीआरपी विकणाऱ्यापासून दूर राहावं. माका-जास्वंदीचं तेल केस मऊ ठेवतं, डीएचटीला त्याने काही फरक पडत नाही. कांद्याच्या रसाने घरात वास मात्र नक्की राहतो.

जाहिरातीत ‘विना शस्त्रक्रिया एका दिवसात केस’ दिसलं तर ते बहुधा हेअर पॅचबद्दल असतं. वाईट पर्याय नाही, लग्न आठवड्यावर आलेल्याला तोच उरतो. पण टेप किंवा गोंदावर बसवलेला पॅच तीन-चार आठवड्यांनी काढून धुवावा लागतो आणि वर्षाच्या आत-बाहेर बदलावा लागतो. क्लिपचा पॅच घेऊ नका. क्लिप रोज त्याच केसांना ओढते आणि तिथले चांगले केस जातात.

प्लॅस्टिक आणि आलेखाचा कागद

रोपणाच्या सल्ल्याला जाण्याआधी हे घरी करा. स्वयंपाकघरातलं पातळ क्लिंग प्लॅस्टिक डोक्यावर ताणून बसवा आणि दुसऱ्याला मार्करने टकलाची कड रेखायला सांगा. ते प्लॅस्टिक आलेखाच्या कागदावर पसरून एक सेंटिमीटरचे चौकोन मोजा. फक्त पुढचा भाग मागे गेला असेल तर ५०–६० चौकोन भरतील. पुढून टाळूपर्यंत सगळं गेलं असेल तर २०० च्या आसपास.

रोपणात एका चौरस सेंटिमीटरमध्ये साधारण ४० ग्राफ्ट लावले तर दाट वाटतं. ग्राफ्ट म्हणजे एक ते चार केसांचा नैसर्गिक झुबका. ५० चौकोन गुणिले ४० म्हणजे २,०००. २०० चौकोनांना ८,००० लागतील.

आता साठा. मागच्या सुरक्षित पट्ट्यात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७० झुबके धरा. पट्टा १८० चौरस सेंटिमीटरचा असेल तर झाले १२,६००. त्यातले एक तृतीयांशापेक्षा जास्त उचलले की मागचं डोकं कसर लागल्यासारखं दिसतं. म्हणजे हातात आयुष्यभरासाठी सुमारे ४,२०० ग्राफ्ट. पूर्ण टक्कल दाटपणे भरणं या आकड्यात बसत नाही. म्हणून जाणता सर्जन पुढचा भाग नीट भरतो, मधला विरळ ठेवतो आणि टाळू शेवटी पाहतो किंवा तसाच सोडतो.

याच हिशेबामुळे २२–२३ वर्षांच्या मुलाला रोपण करू नये. त्याचं टक्कल कुठवर जाणार हे कळलेलं नसतं. टाळूचा गोल भरला आणि पुढे भोवतीचे केस गेले तर मधे बेट उरतं, ते लपवायला मागचा साठा संपलेला असतो. भुवयांच्या मधून ७–८ सेंटिमीटर वर रेषा आणि कपाळाचे कोपरे थोडे मागे, ही पन्नाशीतही शोभणारी आखणी. शाळेतल्या फोटोसारखी रेषा मागू नका, आणि विचारल्याबरोबर ती आखून देणाऱ्याकडून उठून या.

विस्तवाशी खेळ नको अशांसाठी एक स्पष्ट गोष्ट: किमान सहा महिने ते वर्ष औषध घेऊन गळती स्थिर झाल्याशिवाय शस्त्रक्रियेची तारीख घेऊ नये. नंतरही औषध सुटत नाही. रोपलेले केस टिकतात, पण त्यांच्यामधले जुने जातच राहतात. बायकांत मागचे केसही बऱ्याचदा पातळ झालेले असतात, त्यामुळे रोपण कमी जणींना लागू पडतं.

कोणाच्या हातात डोकं द्यायचं

दोन पद्धती आहेत. एफयूटीत मागची कातडीची पट्टी कापून टाके घालतात. रेघेसारखा व्रण राहतो, केस बारीक कापले की दिसतो, पण एका बैठकीत ग्राफ्ट चांगले मिळतात. एफयूईत ०.८ ते १ मिमीच्या पंचने एकेक झुबका काढतात. रेघ नसते, ठिपके असतात. आज बहुतेक ठिकाणी एफयूईच होते. पंचचा कोन केसाच्या कोनाशी जुळला नाही तर मूळच कापलं जातं. तो ग्राफ्ट फुकट गेला आणि मागचा झुबकाही.

२०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने स्पष्ट केलं की हे काम प्रशिक्षित डॉक्टरचं, मुख्यतः प्लॅस्टिक सर्जन आणि त्वचारोगतज्ज्ञांचं आहे, आणि व्हिडिओ पाहून ते शिकता येत नाही. म्हणून विचारा: छिद्रं कोण पाडणार, ग्राफ्ट कोण काढणार? ‘आमची टीम’ हे उत्तर नव्हे. दिवसाला किती रुग्ण घेता? आणीबाणीसाठी ऑक्सिजन आणि अ‍ॅड्रिनलिन हे औषध आहे का, जवळचं रुग्णालय कोणतं? बधिर करायच्या लिग्नोकेनची अ‍ॅड्रिनलिनसह मर्यादा वजनाच्या किलोमागे ७ मिग्रॅ आहे. ७० किलोच्या माणसाला ४९० मिग्रॅ, म्हणजे २ टक्क्यांचं साधारण २४ मिली. एका दिवसात प्रचंड संख्येचं पॅकेज विकणारे हीच मर्यादा ताणतात.

दर ग्राफ्टवर आहे की केसांवर, ते लिहून घ्या. ‘५,००० केस’ म्हणजे सुमारे २,५०० ग्राफ्ट. वर १८ टक्के जीएसटी लागतो आणि विमा हे बिल सहसा देत नाही.

नंतरचे दहा दिवस

पहिल्या चार-पाच रात्री दोन-तीन उशा घेऊन, डोकं उंच ठेवून झोपा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कपाळावरची सूज उतरून डोळ्यांवर येते. घाबरवणारी दिसते, पण दोन दिवसांत जाते. धुण्याची परवानगी मिळाल्यावर मगमधून पाणी हळू सोडायचं, शॉवरचा मारा नाही. खपल्या नखाने काढायच्या नाहीत. ग्राफ्ट साधारण नवव्या-दहाव्या दिवसापर्यंत पक्का धरतो. तोवर खपली ओढली तर केस तिच्यासोबत येतो.

हेल्मेटही तोवर नाही. दुचाकीवर कामाला जाणाऱ्याने दहा दिवस बस किंवा रिक्षाची सोय आधी करून ठेवावी, कारण ‘जरा वेळ घालतो’ म्हणत घातलेलं हेल्मेट काढताना पुढची ओळ घासून निघते. सिगारेट आधी व नंतर किमान दोन आठवडे बंद. पू, वाढतं दुखणं किंवा काळी पडत चाललेली कातडी दिसली तर त्याच दिवशी दवाखान्यात जायचं.

दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात लावलेले केस गळतात, मूळ आत राहतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून बारीक, काहीसे कुरळे केस उगवतात. महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढ, त्यामुळे विंचरण्याजोगे केस व्हायला आठ-नऊ महिने लागतात. पुढच्या भागाचा निकाल वर्षाने, टाळूचा दीड वर्षाने. फोटो दर महिन्याला त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी, कोरड्या केसांचा काढा. ओल्या केसांचा फोटो प्रत्येकाला टकला दाखवतो.