गाडीला काचेसारखी चमक हवीय? मग आधी या चुका टाळा

सकाळी कॉलनीत बादली-फडकं घेऊन जो माणूस येतो ना, गाडीची चमक सगळ्यात जास्त तिथेच जाते आणि गंमत म्हणजे त्यासाठी आपण दर महिन्याला पैसे देतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, एका बादलीत त्याला सात-आठ गाड्या उरकायच्या असतात, तिसऱ्या गाडीपर्यंत ते पाणी चहाच्या रंगाचं झालेलं असतं, आणि त्याच फडक्यानी आधी चाकं, मग दरवाजे, मग बोनेट. आमच्या इंदूरचं सुदामानगर घ्या की राजेंद्रनगर, सगळीकडे हेच चाललंय. वर तो खुशीत सांगतो, "साब, चमका दी." ओली आहे तोवर चमकतेच ती.

थोडं समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. हल्लीच्या गाड्यांना रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो, क्लिअरकोट, साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसाहून पातळ. हा थर सपाट असला की उजेड सरळ परत येतो आणि रंग खोल, ओला ओला दिसतो. त्यावर बारीक ओरखडे पडले की उजेड इकडे तिकडे पांगतो आणि काळी गाडी राखाडी दिसायला लागते, मग बाटली कितीही महागाची आणा. त्यामुळे चमक आणण्याचं अर्ध्याहून जास्त काम हे ओरखडे पाडणं बंद करण्याचंच आहे, बाकीचं पॉलिश-वॅक्सचं नंतर बघू.

माझा भाचा एकदा विचारत होता, "मामा, दिवसा गाडी मस्त दिसते, पण रात्री पेट्रोल पंपाच्या लाइटखाली बोनेटवर गोल गोल जाळं दिसतं, ते काय आहे?" तेच ते स्वर्ल मार्क. खरं म्हणजे ओरखडे गोल नसतातच, सगळ्या दिशांना पडलेले असतात, पण ज्यांच्यावर उजेड आडवा पडतो तेवढेच चमकतात म्हणून दिव्याभोवती गोल दिसतात. लाइट हलवला की जाळंही हलतं. तुमच्या गाडीची खरी हालत बघायची असेल तर रात्री मोबाइलचा टॉर्च बोनेटवर धरून बघा, पण मनाची तयारी ठेवून.

कोरडं पुसणं, ही सगळ्यात मोठी चूक

मार्च-एप्रिलमध्ये इंदूरात धूळ किती असते ते सांगायला नको, त्यात मेट्रोचं काम, रस्त्यांची खोदाखोद, बायपासवरून येणारे ट्रक. या धुळीत रेतीचे बारीक कण असतात आणि ते क्लिअरकोटपेक्षा कितीतरी कडक असतात. ऑफिसला निघताना कोरड्या फडक्यानी बोनेट पुसलं म्हणजे आपण हातानी सँडपेपर फिरवला. आणि ते लाल झालरीचे डस्टर, जे सगळ्यांच्या डिकीत पडलेले असतात, तेही फार हलकी धूळ असेल तेव्हाच ठीक, खाली आपटलेला किंवा वर्षभर न झटकलेला डस्टर तर फडक्यापेक्षा वाईट. घाई असेल तर काचा पुसा आणि निघा, बॉडी धुळकट राहिली तर काय बिघडतं.

धुताना आधी नुसतं पाणी, भरपूर, वरून खाली. हाय प्रेशर मशीन असेल तर नोझल किमान फूटभर लांब धरा, जिथे रंगाचा पोपडा उडालाय किंवा स्टिकर आहे तिथे आणखी लांब. मगच शॅम्पू. बादल्या दोन घ्या, एकीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं, मिट (गाडी धुवायचा मऊ हातमोजा) दर पॅनेलनंतर साध्या पाण्यात खळबळून मगच परत शॅम्पूत. टपापासून सुरुवात करायची, दरवाजाचा खालचा भाग आणि बंपर शेवटी, आणि चाकांचं फडकं वेगळं म्हणजे वेगळंच. मिट हातातून जमिनीवर पडला तर तो पुन्हा गाडीला लावू नका, दुसरा घ्या, कारण मालव्याची ती काळी माती धाग्यात बसली की सहज निघत नाही. कॉलनीत धुणारा माणूस असेल तर त्याला ही सगळी भानगड शिकवण्यापेक्षा एक सोपं सांगा, रोज नको, आठवड्यातून एकदा ये, पैसे तेवढेच घे, फक्त माझी बादली आणि माझंच फडकं वापर. बहुतेक जण आनंदानी तयार होतात.

कपड्याचा पावडर, भांड्याचं लिक्विड, एक रुपयाचं शॅम्पूचं पाऊच, हे सगळं बंद. घाण निघते पण वॅक्सही निघतं आणि रबराचे बीडिंग कोरडे पडतात. गाडीचा पीएच न्यूट्रल, म्हणजे ना ॲसिड ना अल्कली असलेला शॅम्पू एका बादलीला एक-दोन झाकणं पुरतो, बाटली कितीतरी महिने जाते, इथे पैसे वाचवण्यात काही अर्थ नाही.

पाण्याचे डाग

आपल्याकडचा हा खास प्रॉब्लेम. नर्मदेचं पाणी नळाला एक दिवसाआड येतं आणि ते कोणी गाडीवर घालवत नाही (घालवूही नये), त्यामुळे गाडी धुतली जाते बोरिंगच्या पाण्यानी आणि बोरिंगचं पाणी खारं. बॉडी तापलेली असताना दुपारी धुतली की थेंब तिथल्या तिथे वाळतो, पाणी उडून जातं आणि कॅल्शियम राहतं, पांढरी गोल कडा. गडद रंगाच्या गाडीवर तर देवीचे व्रण असल्यासारखं दिसतं. म्हणून धुवायचं ते सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, बोनेटला हात लावून गार आहे का बघून, आणि एक बाजू धुतली की वाळायच्या आत पुसून घ्यायची, पूर्ण गाडी धुऊन मग आरामात पुसू असं करू नका.

डाग पडलेच असतील तर पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच आरओचं पाणी मिसळून मायक्रोफायबर ओला करा, डागावर एखादा मिनिट नुसता ठेवा, हलकं पुसा, मग साध्या पाण्यानी धुवा. ताजा डाग असा निघतो. पण व्हिनेगर लावूनही कडा दिसतेय म्हणजे डाग क्लिअरकोटमध्ये खोल उतरलाय, आता जोर लावून घासू नका, ते पॉलिशचं काम आहे.

पक्ष्यांची विष्ठा पण याच जातीची. कडुनिंबाखाली गाडी लावणाऱ्यांना माहितीय. त्यात ॲसिड असतं आणि उन्हात काही तासांतच ती रंगावर छाप सोडते. नखानी खरवडायची नाही, ओलं फडकं पाच मिनिटं वर ठेवून भिजवायची आणि उचलून घ्यायची.

पुसायला जुनी बनियन, टर्किशचा तुकडा, साबर, काहीही चालतं असं लोक म्हणतात. नाही चालत. जाड, लांब धाग्याचा मायक्रोफायबर टॉवेल घ्या, ५०० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन) वरचा, कडेचं लेबल कापून टाका, आणि धुताना त्यात कम्फर्ट वगैरे घालू नका, धाग्यांवर थर बसून पाणी ओढणं कमी होतं.

"रबिंग करून देतो, नवी होईल"

इथे जरा थांबून बोलू, कारण बाकीच्या चुका हळूहळू नुकसान करतात, ही एका दुपारीत करते.

कंपाउंड, पॉलिश आणि वॅक्स या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुकानदारसुद्धा तिन्हीला पॉलिशच म्हणतो. कंपाउंड म्हणजे कापणारं, ते क्लिअरकोटचा वरचा थर घासून काढतं आणि ओरखडा सपाट करतं. पॉलिश तेच काम फार बारीक करतं, चमक खरी इथे येते. वॅक्स काहीच कापत नाही, नुसता वर थर देतो. आता रस्त्यावरच्या गॅरेजमध्ये काय होतं, तर जोरात फिरणारं रोटरी मशीन, त्यावर लोकरीचा पॅड, भरड कंपाउंड, आणि दहा मिनिटांत बोनेट आरसा. त्यावर सिलिकॉनचं चकचकीत काहीतरी मारून गाडी तुमच्या ताब्यात. दोन-तीनदा धुतली की सिलिकॉन गेलं, आणि उन्हात गाडी उभी केली की मोठमोठे धुरकट झोत दिसतात, त्याला होलोग्राम म्हणतात, म्हणजे पॅडनीच पाडलेले ओरखडे. हे दर दिवाळीला केलं तर क्लिअरकोट किती दिवस पुरणार? एकदा तो गेला की त्या जागी रंग फिका पडून पोपडे सुटतात आणि मग रीपेंटशिवाय काही उपाय नाही, कुठलीही बाटली तो थर परत आणत नाही.

गॅरेजमधून गाडी परत घ्यायला जाल तेव्हा साधी टेस्ट करा. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन एका कोपऱ्यावर पुसा आणि टॉर्च मारा, तेल-सिलिकॉन निघून खरा पेंट समोर येतो. चांगला कारागीर या गोष्टीला नाही म्हणत नाही. चिडला तर समजून जा.

घरी करायचं असेल तर डीए (ड्युअल ॲक्शन) मशीन घ्या, ज्याचा पॅड फिरता फिरता डगमगतो, त्यात एका जागी उष्णता साठत नाही आणि नवशिक्यालाही फारसा धोका नाही. आधी फूटभर बाय फूटभर जागेवर सगळ्यात मऊ पॅड आणि सगळ्यात सौम्य पॉलिश वापरून बघा, काम झालं तर तेच पूर्ण गाडीवर, नाही झालं तरच एक पायरी कडक. पॅनेलच्या कडांवर आणि बॉडीच्या उठावदार रेषांवर थर पातळ असतो, तिथे मास्किंग टेप लावा. आणि ज्या ओरखड्यात नख अडकतं तो पॉलिशनी जायचा नाही, त्याच्या मागे लागून सगळं बोनेट पातळ करू नका.

जुनी मारुती ८०० किंवा पद्मिनी असेल आणि पॉलिशच्या फडक्यावर गाडीचाच रंग आला तर घाबरू नका, त्या गाड्यांना बरेचदा क्लिअरकोट नसायचा. नव्या गाडीत मात्र रंग आला तर लगेच थांबा.

सगळं केलं तरी चमक येत नाही

हात प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीत घाला आणि धुतलेल्या बोनेटवरून फिरवा. खरखरीत लागतंय? मग रंगात लोखंडाचे बारीक कण, डांबर, झाडाचा चीक रुतून बसलाय, त्यावर वॅक्स लावणं म्हणजे घाण सीलबंद करणं. लोखंडासाठी आयर्न रिमूव्हर मिळतो, मारला की जांभळे ओघळ येतात, बघायला मजा येते पण वास भयंकर. मग क्ले बार, म्हणजे रुतलेली घाण ओढून घेणारी मऊ मातीसारखी वडी, भरपूर लुब्रिकंट मारून, हलक्या हातानी. क्ले जमिनीवर पडला तर फेकून द्या, कितीही जीव तुटला तरी.

वॅक्स लावल्यावर तेलकट, इंद्रधनुषी ढग दिसत असतील तर जास्त लावलंय किंवा फडकं भरलंय, स्वच्छ मायक्रोफायबरनी पुन्हा पुसा. काळ्या प्लॅस्टिकवर पांढरे डाग पडले असतील तर ओला ब्रश आणि शॅम्पू, पुढच्या वेळी आधी टेप लावा. कार्नोबा, म्हणजे नैसर्गिक वॅक्स, आपल्या उन्हात फार तर महिना-दीड महिना टिकतं, सिंथेटिक सीलंट त्याहून बराच जास्त, त्यामुळे मे महिन्यात बाहेर उभ्या राहणाऱ्या गाडीला मी सीलंटच सांगतो.

डिझेल किंवा खोबरेल तेलाचा हात मारून चमकवणारे ड्रायव्हर अजून आहेत. संध्याकाळपर्यंत त्याच गाडीवर दुप्पट धूळ.

आता कोटिंग. शोरूममध्ये "टेफ्लॉन" म्हणून जे गळ्यात मारतात त्यात टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई, जे वितळायलाच ३२७ अंश सेल्सियस लागतं, तव्यावर ते भाजून बसवतात, तुमच्या बोनेटला तेवढं कोण तापवणार. सिरॅमिक कोटिंग खरं काम करतं, पाणी घसरतं, धुणं सोपं होतं, पण ते ९एच वगैरे जे छापलेलं असतं ती पेन्सिलीच्या कडकपणाची मोजपट्टी आहे, हिऱ्याची नाही. दगडाचा टवका त्यानी अडत नाही, त्याला पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची जाड पारदर्शक फिल्म लागते. आणि सिरॅमिक जे आहे तेच सील करतं, खाली स्वर्ल असतील तर ते तसेच राहतात. आधी पेंट करेक्शन, म्हणजे पॉलिशनी ओरखडे काढणं, मग कोटिंग. स्वस्तातल्या पॅकेजमध्ये नेमकं पहिलं काम गाळलेलं असतं.

सणावारांचं पण बोलू. दसऱ्याला बोनेटवर कुंकवाचा स्वस्तिक काढतो, तेलात कालवलेलं कुंकू चार दिवस उन्हात राहिलं की पांढऱ्या गाडीवर गुलाबी डाग पक्का. काचेवर काढा म्हटलं तर आई ऐकणार नाही, तेव्हा बोनेटवर काढा पण संध्याकाळी ओल्या फडक्यानी टिपून घ्या. झेंडूचा हार गाडी चालवताना काढून ठेवा, त्याची तार बंपर घासते. रंगपंचमीला राजवाड्याच्या आसपास गाडी नेऊच नका, गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, निघाली की गुलाल कुठून येईल सांगता येत नाही, आणि पडलाच तर न पुसता आधी पाइपनी धुऊन काढा.

कव्हरचंही तसंच. धुळीच्या गाडीवर कव्हर चढवलं की वाऱ्यानी ते दिवसभर घासत बसतं, आणि पावसाळ्यात ओल्या गाडीवर टाकलेलं प्लॅस्टिकचं कव्हर आत वाफ धरतं, रीपेंट झालेल्या पॅनेलवर तर धुरकट ठिपके उठतात. ताजं रीपेंट असेल तर कव्हरच काय, वॅक्ससुद्धा साधारण ३० ते ९० दिवस लावू नका, नक्की किती ते पेंट करणाऱ्यालाच विचारा. कव्हर हवंच असेल तर आतून मऊ, हवा जाणारं घ्या, आणि गाडी स्वच्छ अन् कोरडी असेल त्याच दिवशी घाला.