नवा ट्रॅक्टर, जुनी ट्रॉली: कापणीआधी मागचे दिवे पाहून घ्या

सरद म्हणजे पावसाळी भाताची कापणी आली की ट्रॉली बाहेर निघते. जूनपासून ती गोठ्यामागे नाही तर माडाखाली ताडपत्री पांघरून उभी असते. टायर बसला असेल तर लगेच दिसतं, फळी कुजली असेल तर हात लावल्यावर कळतं. वायरिंग बिघडलेलं मात्र रात्री रस्त्यावर आल्यावर समजतं, आणि तेही आपल्याला नाही, मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याला. नोव्हेंबरात आपल्याकडे गोव्यात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो. मळणी आटोपून पोती भरेपर्यंत काळोख होतो, आणि डिचोली-साखळीकडच्या वळणावळणाच्या रस्त्यांवर सगळीकडे खांबाचा उजेड नसतो. मागचे दोन लाल दिवे लागत नसतील तर भरलेली ट्रॉली दिसतच नाही.

यंदा ज्यांनी नवा ट्रॅक्टर किंवा पिकअप घेतली आहे त्यांच्याकडून एकच तक्रार ऐकू येते: गाडी नवीकोरी, तरी ट्रॉलीचे दिवे नीट लागत नाहीत. मग संशय गाडीवर जातो आणि कुणीतरी नव्या गाडीचं वायरिंग सोलायला बसतो. माझं कळकळीचं सांगणं आहे, तिथे पक्कड लावू नका. आधी ट्रॉलीची पांढरी, म्हणजे अर्थिंगची, वायर बघा.

हे मी पोळून शिकलो आहे. माझ्या ट्रॉलीचा डावा इंडिकेटर दिला की दोन्ही टेल लाईट त्याच्याबरोबर मिचमिचायच्या. ब्रेक दाबला की सगळंच मंद. एका वायरमनने चारही बल्ब बदलले, एक नवी वायर पिळून जोडली, वर टेप गुंडाळली. आठवड्यात पुन्हा तेच. शेवटी मीच प्लगजवळ पांढरी वायर कापली. आत तांबं नव्हतंच म्हणा ना, काळपट तारा आणि त्यांवर हिरवी भुकटी, बोटाने चोळली की गळणारी. वीतभर मागे कापली, तरी काळी. आणखी वीतभर मागे गेल्यावर तांब्याचा लाल चकाकता रंग दिसला. पाणी उघड्या टोकातून शिरतं आणि दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं बारीक तारांमधून आत आत चढत जातं. वरचं प्लास्टिक साबूत दिसतं आणि आत वायर मेलेली असते.

नेहमीच्या मांडणीत पांढरी वायर म्हणजे अर्थिंग. बॅटरीतून निघालेला करंट बल्ब पेटवून परत बॅटरीकडे यायला हवा. परतीची वाट तुटली की तो दुसऱ्या बल्बच्या तारेतून वाट काढतो, म्हणूनच इंडिकेटर दिला की टेल लाईट मिचमिचते. बऱ्याच जुन्या ट्रॉल्यांना पांढरी वायर मुळातच नसते, हुकच्या लोखंडातून अर्थिंग घेतलेलं असतं. हुकला ग्रीस, पिनला गंज, चॅसिसला नवा रंग. खड्ड्यात ट्रॉली आदळली की दिवे लागतात, पुढच्या खड्ड्यात विझतात. हुकवर भिस्त ठेवू नका, प्लगमधून स्वतंत्र जाड वायर आणा आणि चॅसिसवरचा रंग खरवडून बोल्टने आवळा.

दोष अर्थिंगचाच आहे का, हे दोन मिनिटांत कळतं. एक लांब वायर घ्या, एक टोक गाडीच्या बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं ट्रॉलीच्या खरवडलेल्या लोखंडाला धरा. दिवे लगेच लख्ख झाले तर अर्थिंगच कच्चं. फरक पडला नाही तर दिवा चालू ठेवून मल्टिमीटरने आधी सॉकेटवर आणि मग बल्बच्या होल्डरवर व्होल्टेज मोजा. दोहोंत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त तफावत असेल तर मधल्या एखाद्या जोडात कुजकट आहे. बल्ब काढून मोजू नका, कुजलेली वायरसुद्धा तेव्हा पूर्ण 12 व्होल्ट दाखवते.

आता सात पिनांचा गोल सॉकेट. नेहमीच्या मांडणीत 1 नंबर डावा इंडिकेटर, 3 अर्थिंग, 4 उजवा इंडिकेटर, 6 ब्रेक, 7 डावी आणि 5 उजवी टेल लाईट. 2 नंबर मागच्या फॉग लाईटचा, तो बहुधा रिकामाच असतो. वायरींच्या रंगावर जाऊ नका. जुन्या ट्रॉलीत कुणी कुठली वायर ओढली असेल सांगता येत नाही. प्लास्टिकवर कोरलेला आकडा बघा आणि टेस्टरने एकेक पिन पडताळा. सॉकेट समोरून पाहिला तर आकडे एका दिशेने जातात, मागून स्क्रू आवळताना उलट्या. डावा इंडिकेटर दिला आणि उजवा लागला, अशी गंमत बहुतेक याच घोळातून होते.

पिकअपला ट्रेलर जोडणाऱ्यांनी थोडी जास्त सावधगिरी बाळगावी. आधी अशा ट्रेलरची नोंदणी आणि गाडीची ओढण्याची मर्यादा कागदावर पाहून घ्या. नव्या पिकअपमध्ये दिवे बऱ्याचदा कंट्रोल युनिटमधून, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पेटीतून, चालतात. ब्रेकचा एक साधा बल्ब 21 वॅटचा, म्हणजे ट्रेलरचे दोन मिळून साडेतीन अँपिअर जादा. टेल लाईटच्या वायरला परस्पर जोड मारून हा भार टाकला तर युनिट तो दिवा बंद करतं, कधी स्वतःच जळतं, आणि कापलेली वायर पाहिल्यावर वॉरंटीचा वाद उभा राहतो. त्यासाठी वेगळा ट्रेलर मॉड्यूल मिळतो. तो करंट थेट बॅटरीतून फ्यूजमार्गे घेतो आणि गाडीच्या वायरीकडून फक्त इशारा घेतो. ट्रेलरला एलईडी दिवे असतील तर इंडिकेटर कधी कधी भराभर लुकलुकतो. एलईडी करंट इतका कमी ओढते की गाडीला बल्ब उडाल्यासारखं वाटतं. फ्यूज उडत असेल तर जास्त अँपिअरचा घालू नका, चांदीचा कागद गुंडाळणं तर नकोच. कुठेतरी वायर चॅसिसला घासते आहे, ती शोधा.

आणि एक. हंगामाआधी ट्रॉलीला वेल्डिंग करून घ्यायची आपली पद्धत आहे. वेल्डरने मशीन सुरू करायच्या आधी ट्रॉलीचा प्लग काढा, जमल्यास ट्रॉली सोडवून बाजूला घ्या. वेल्डिंगचा करंट अर्थिंगमधून गाडीत शिरला तर नवं युनिट गेलंच समजा.

चोडण, दिवाडी ही बेटं किंवा कुठल्याही खाजनाकडच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीच्या, शेतकऱ्यांना हे सगळं दुप्पट लागू आहे. मानशीजवळच्या (खाजनाच्या पाणदाराजवळच्या) खाऱ्या चिखलातून ट्रॉली आली की त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा. पाण्याचा जोर दिव्यांवर आणि सॉकेटवर नको. सॉकेटचं झाकण मोडलं असेल तर नवं घ्या, तोंड खाली राहील असा बसवा, पिनांना व्हॅसलीनचा पातळ हात द्या. जोड पिळून टेप मारलेला नको. क्रिंप करून (धातूच्या नळीत पकडीने दाबून) वर आतून डिंक असलेली, गरम केल्यावर आकसणारी नळी चढवा. वायर दिव्यांना दीड चौरस मिलिमीटर, अर्थिंगला अडीच. मोकळी लोंबणारी वायर उंदरांना आमंत्रणच, ती पाईपमधून न्या.

दिवे कितीही नीट असले तरी रिफ्लेक्टर पट्टी हवीच: मागे लाल, बाजूंना पिवळी, पुढे पांढरी. बल्ब उडाला तरी ती चमकते. चिखलाने माखली असेल तर निघण्यापूर्वी ओल्या फडक्याने पुसा.

शेवटची तपासणी भरल्या ट्रॉलीवर करा. भाराने चॅसिस दबतं, वळणावर प्लगची वायर ताणते. एकाने गाडीत बसून हेडलाईट, ब्रेक, दोन्ही इंडिकेटर एकेक करून द्यावेत, दुसऱ्याने दहा पावलं मागे उभं राहून ओरडून सांगावं. मग गाडी हळू पुढे घेत पूर्ण डावीकडे वळवून, थांबवून तेच पुन्हा, उजवीकडे वळवून पुन्हा.