आर्डर आणि हायड्रोजन एका लयीत कसे आणले

लिनक्सवर ढोलकीचे तुकडे हायड्रोजन या तालवाद्यांच्या प्रोग्राममध्ये बसवायचे आणि गाणं आर्डर या रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये रेकॉर्ड करायचं, ही माझी नेहमीची पद्धत. नव्या मशीनवर मात्र दोघांचं जमेना. आर्डरमध्ये प्ले दाबलं तरी हायड्रोजन ढिम्म.

दोघांना जोडतो तो जॅक, म्हणजे एका प्रोग्रामचा आवाज आणि वेळ दुसऱ्यापर्यंत नेणारी ध्वनियंत्रणा. पण त्यासाठी दोन्ही प्रोग्राम जॅकवरच चालायला हवेत. एक जरी अल्सावर, म्हणजे लिनक्सच्या मूळ ध्वनियंत्रणेवर थेट राहिला तरी कितीही बटणं दाबा, उपयोग शून्य. आर्डर उघडताना ऑडिओ सिस्टिममध्ये जॅक निवडलं, हायड्रोजनच्या प्रेफरन्सेसमध्येही तेच. सॅम्पल रेट 48000, बफर 256 सॅम्पलचा, म्हणजे एका बफरमागे जेमतेम 5.3 मिलिसेकंदांचा उशीर. मग आर्डरचा सिंक, म्हणजे वेळ कुणाकडून घ्यायची ती निवड, इंटर्नलवरून जॅकवर नेला आणि हायड्रोजनमध्ये जॅक ट्रान्सपोर्टचं, म्हणजे प्ले-स्टॉप सामायिक करायचं बटण चालू केलं. आता कुठूनही प्ले करा, दोघं बरोबर निघतात. टेम्पोचा मालक मात्र एकच ठेवावा. मी आर्डरला ठेवतो, कारण लय कुठे चढवायची ते तिथेच आखलेलं असतं.

खरी गंमत पुढे. आर्डरमध्ये ढोलकीचा ट्रॅक म्यूट केला तरी थाप ऐकू येतच होती! हायड्रोजनचा आवाज आर्डरला वळसा घालून थेट स्पीकरच्या पोर्टांनाही जात होता. जॅकच्या जोडण्या दाखवणाऱ्या क्यूजॅककंट्रोल या प्रोग्रामच्या ग्राफमध्ये स्पीकरकडे जाणाऱ्या त्या दोन तारा तोडल्या, आर्डरकडे जाणाऱ्या तेवढ्या ठेवल्या. हायड्रोजनच्या प्रेफरन्सेसमधली आउटपुट आपोआप जोडायची खूणही काढून टाका, नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा तेच.