वाईन घेताना ॲप कसं वापरायचं, आणि बाटली कशी बघायची

आपल्याकडं संभाजीनगर घ्या नाहीतर लातूर, बऱ्याच वाईन शॉपमधे व्हिस्की-रमच भरलेली असते अन् वाईनच्या आठ-दहा बाटल्या कोपऱ्यात उभ्या, दुकानदाराला विचारलं की "सगळ्याच चांगल्यात". म्हणून मी व्हिव्हिनो वापरायलो. डेन्मार्कमधे २०१० ला सुरू झालेलं ॲप आहे, फुकट आहे.

ॲप उघडायचं, कॅमेऱ्याचं बटण दाबायचं अन् पुढच्या लेबलचा फोटो काढायचा. बाटली गोल असती, ट्यूबलाईट चमकली की लेबल नीट येत नाही, मग बाटली जरा तिरपी धरायची. नाव आलं की आधी साल, म्हणजे लेबलवरचं द्राक्षं तोडल्याचं वर्ष, जुळवा, कारण ॲप कधी कधी दुसऱ्याच सालची वाईन दाखवतं. मग रेटिंग, ५ पैकी. पण आकड्याशेजारी किती जणांनी दिलंय ते बघा, पंधरा जणांच्या ४.२ पेक्षा दोन हजार जणांचं ३.८ मला जास्त भरवशाचं वाटतं. खाली चवीच्या पट्ट्या असतात, हलकी का भारी, कोरडी का गोड, तुरट किती, आंबट किती. नवीन माणसानं रेटिंगपेक्षा ह्या पट्ट्याच बघाव्यात, कारण बऱ्याच जणांना पहिल्यांदा तुरटपणाच नको होतो. काळ्या मसाल्याचं झणझणीत मटण असलं तर तुरट रेड घेऊ नका, तिखट अजून चढतं, त्यापेक्षा सुलाची चेनिन ब्लाँ ही व्हाईट वाईन थंड करून घ्या, जराशी गोडसर असती. नान खलियासोबत मात्र शिराझ ही रेड मला लई आवडती.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ॲप वाईनबद्दल सांगतं, तुमच्या हातातल्या बाटलीबद्दल नाही. मागच्या मे महिन्यात ३.९ वाली रेड आणली, घरी उघडली तर शिजवलेल्या जॅमसारखा वास, सगळी ओतून द्यावी लागली. दुकानात एसी नव्हता, बाटली दारातल्या उन्हात उभी. आपल्याकडं पारा ४२ च्या वर जातो, एवढ्या गरमीत वाईन टिकत नाही. म्हणून बूच वर आलंय का, तोंडाशी चिकट ओघळ आहे का, वाईनची पातळी शेजारच्या बाटल्यांपेक्षा खाली गेलीय का हे बघाच, अन् व्हाईट किंवा रोझे (गुलाबी वाईन) असली तर शक्यतो दोन वर्षांच्या आतली घ्या. ॲपमधल्या किमतीवर जाऊ नका, बाटलीवरची एमआरपी बघा.

रेडसुद्धा उन्हाळ्यात अर्धा तास फ्रीजमधे ठेवून मगच उघडा, "रूम टेंपरेचर" म्हणतात ते आपल्या खोलीचं नाही, १६-१८ डिग्रीचं. अन् प्यायल्यावर ॲपमधे स्वतःचं रेटिंग टाका, दोन शब्द लिहा, तुरट लागली, गोड लागली, कशासोबत घेतली. दहा-बारा बाटल्या झाल्या की दुकानात उभं राहून आधी आपलीच यादी उघडायची, लोकांची नंतर.