लहान भिंगाच्या दुर्बिणीतून आकाशाचे फोटो: आधी माउंट, मग बाकीचं

दुर्बीण किती मोठी घेऊ, असं कोणी विचारलं की मी आधी माउंटचं, म्हणजे दुर्बीण धरून फिरवणाऱ्या बैठकीचं, काय ठरलंय ते विचारतो. ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो, कारण दुर्बीण मिरवता येते आणि माउंटकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. पण हिशोब करून बघा. खगोलीय विषुववृत्ताजवळचे तारे सेकंदाला १५ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) सरकतात. ४०० मिलिमीटर फोकल लेंथच्या (भिंगापासून प्रतिमेपर्यंतचं अंतर) दुर्बिणीला साधारण ३.८ मायक्रॉन पिक्सेलचा कॅमेरा लावला, तर एका पिक्सेलवर जवळपास २ आर्कसेकंद आकाश येतं. म्हणजे माउंट जागेवर स्थिर असेल, तर एका सेकंदात तारा सात-आठ पिक्सेल ओलांडतो आणि फोटोत ठिपक्याऐवजी रेघ येते. मोटरवर चालणारा विषुववृत्तीय माउंट हवाच, म्हणजे ज्याचा एक अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखलेला असतो आणि जो ताऱ्यांबरोबर फिरतो. त्यावर किती वजन चालतं याचा जो आकडा लिहिलेला असतो, तो दुर्बिणीतून नुसतं डोळ्याने बघण्यासाठी ठीक आहे. फोटोसाठी त्याच्या निम्मं, फार तर दोन-तृतीयांश वजन चढवावं.

म्हणूनच सुरुवातीला ६० ते ८० मिलिमीटर व्यासाच्या भिंगाची दुर्बीण मला आवडते. ती हलकी असते, आरशांची जुळवणी करत बसावं लागत नाही आणि फोकल लेंथ कमी असल्यामुळे माउंटच्या बारीकसारीक चुका पोटात घालते. भिंग मात्र ईडी काचेचं (रंग कमी फाकवणाऱ्या खास काचेचं) बघा. साध्या दोन भिंगांच्या दुर्बिणीत निळा-जांभळा प्रकाश बाकीच्या रंगांबरोबर एका जागी येत नाही, त्यामुळे प्रत्येक ठळक ताऱ्याभोवती जांभळी प्रभा दिसते. फील्ड फ्लॅटनरही (कडेपर्यंत चित्र सपाट करणारं जोडभिंग) त्याच यादीत धरा, नाहीतर कोपऱ्यातले तारे लांबट येतात. बहुतेक फ्लॅटनरना सेन्सरपासून ५५ मिलिमीटर अंतर लागतं. डीएसएलआरला योग्य टी-रिंग (कॅमेरा दुर्बिणीला जोडणारी कडी) लावली की ते अंतर आपोआप जमतं, मिररलेस किंवा खगोल कॅमेऱ्याला मधे स्पेसर (अंतर भरणाऱ्या कड्या) घालावे लागतात.

काय टिपायचं? एपीएस-सी सेन्सर (बहुतेक साध्या डीएसएलआरमधला आकार) आणि ४०० मिलिमीटर फोकल लेंथ मिळून आकाशाचा साधारण ३.४ गुणिले २.२ अंशांचा तुकडा मिळतो. पूर्ण चंद्र अर्ध्या अंशाचा, यावरून अंदाज येईल. कृत्तिका यात ऐसपैस बसतात, देवयानी दीर्घिका तिरपी धरली की मावते, मृगातला तेजोमेघ तर हमखास. ग्रहांचा नाद सोडा. शनी कड्यांसकट जेमतेम वीस पिक्सेलचा येतो, त्यात काय बघणार!

मांडणी अंधार पडायच्या आधी करा. ट्रायपॉड समतल करा, कॅमेरा, फ्लॅटनर, दवापासून बचावाचा हीटर असं सगळं चढवा, आणि मगच दोन्ही अक्षांचे क्लच सैल करून वजनं जुळवा. नंतर एखादी वस्तू लावली की तोल पुन्हा बघायचा. ध्रुव अक्षावर पूर्वेकडची बाजू किंचित जड ठेवली तर गिअरचे दाते एकमेकांना टेकून राहतात आणि माउंट कमी डुलतो.

मग ध्रुव जुळवणी, म्हणजे माउंटचा ध्रुव अक्ष आकाशाच्या ध्रुवावर रोखणं. माउंटचा कोन आपल्या अक्षांशाएवढा ठेवला की उत्तर गोलार्धात ध्रुवतारा ध्रुवदुर्बिणीत (माउंटच्या अक्षातली छोटी दुर्बीण) सापडतो. तो बरोबर मध्यात मात्र आणायचा नाही. खरा ध्रुव त्याच्यापासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्त दूर आहे, म्हणून तारा ध्रुवदुर्बिणीत दिसणाऱ्या वर्तुळावर त्या वेळेच्या जागी बसवायचा. ती जागा मोबाइलवरचं ॲप सांगतं. हे काम घाईत उरकू नका.

खरी परीक्षा फोकसची. एफ/६ ला (फोकल लेंथ भिंगाच्या व्यासाच्या सहापट) फोकस अचूक राहण्याची पट्टी दशांश मिलिमीटरच्या आसपास असते. ४०० मिलिमीटरची ॲल्युमिनियमची नळी दहा अंश सेल्सिअसने थंड झाली, की साधारण तेवढीच आखडते! संध्याकाळी जमवलेला फोकस मध्यरात्री हललेला असतो तो यामुळे. यावर स्वस्त आणि बिनचूक इलाज म्हणजे बाहतिनोव मास्क. पावेल बाहतिनोव या हौशी निरीक्षकाने २००५ मध्ये ही युक्ती काढली. तिरप्या खाचांची ही झाकणी भिंगापुढे लावून दुर्बीण ठळक ताऱ्यावर न्या, लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या पडद्यावरचं थेट चित्र) दहापट मोठा करा. फुलीसारख्या दोन रेघा आणि त्यांच्यामधून जाणारी तिसरी रेघ दिसते. फोकसर फिरवला की मधली रेघ एका बाजूकडून दुसरीकडे सरकते. ती बरोबर फुलीच्या मध्यावर आली की थांबा आणि फोकसरचा स्क्रू आवळा. आवळताना रेघ पुन्हा हलते, म्हणून आवळल्यावर परत बघा. मग मास्क काढा. (मास्क तसाच ठेवून फोटो घेणारे सगळ्यांनाच भेटतात.)

कॅमेरा रॉवर (प्रक्रिया न केलेली मूळ फाइल), आयएसओ ८०० किंवा १६००, कॅमेऱ्यातलं लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन बंद, नाहीतर निम्मा वेळ त्यातच जातो. सुरुवात ३० सेकंदांनी करा. हिस्टोग्रामचा (फोटोतल्या उजेडाचा आलेख) उंचवटा डाव्या कडेपासून सुटा झाला आणि तारे गोल आले, की ६० सेकंद करून बघा. ऑटोगाइडिंगचा (दुसऱ्या छोट्या कॅमेऱ्याने तारा बघून माउंट सावरत राहण्याचा) विचार त्यानंतर. लांब एका फोटोपेक्षा अनेक छोटे बरे: चौपट फोटो एकत्र केले की गोंगाट (फोटोतले दाणेदार ठिपके) निम्मा होतो, म्हणून एकाच लक्ष्यावर तासभर तरी द्या. अधूनमधून एखादी फ्रेम मोठी करून ताऱ्यांचा आकार तपासत राहा.

मृगाच्या तेजोमेघाचा गाभा इतका तेजस्वी आहे की ६० सेकंदांत पांढराफटक होतो. त्यासाठी पाच-दहा सेकंदांचे थोडे फोटो वेगळे घ्या, नंतर दोन्ही मिसळता येतात.

आवरण्याआधी झाकण लावून तेवढ्याच सेकंदांचे, त्याच आयएसओचे डार्क घ्या, म्हणजे सेन्सरचा स्वतःचा गोंगाट वजा करायचे काळे फोटो. फ्लॅट (धुळीचे डाग आणि कडांचा काळोख काढायचे एकसारख्या उजेडाचे फोटो) मात्र कॅमेरा दुर्बिणीपासून सोडवण्याआधीच घ्यायचे, फोकसला हात न लावता. भिंगावर पांढरं कापड ताणून बसवा, समोर एकसारखा उजेड धरा. कॅमेरा एकदा फिरला की सेन्सरवरच्या धुळीचे डाग जुळत नाहीत. सगळं एकत्र करायला डीपस्कायस्टॅकर आणि सिरिल ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. सिरिल शिकायला थोडं किचकट वाटतं, पण मी तेच वापरतो, कारण पार्श्वभूमीवरचा प्रकाशप्रदूषणाचा उतार (एका बाजूला उजळ, दुसरीकडे गडद) त्यात चांगला निघतो.